नळाचें पाणी आणि नळाचे कोरडे दिवस

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखी आहे. व्यापार, बी-बियाणें आणि लोखंडी सळया यांच्या जोरावर कुंडलिकेच्या कांठच्या या शहरानें ती आजहि खरी करून दाखविली आहे. परंतु पाळणा सोन्याचा असला, तरी त्यांतील बालकास पाजावयाचें पाणी कसें आहे, हा प्रश्न त्याहून मोठा होय.

जालन्यास पाण्याची चिंता नवी नाहीं. जमशेदखानानें मोती तलाव बांधविला, जमिनीखालून नळ घातले आणि त्यांवाटे पाणी शहरांतील हौदांत आणिलें, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. त्यांपैकीं सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकांत होता. पुढें निजामी अमदानींत, १९३० नंतरच्या दशकांत, बेजनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकारानें घाणेवाडीचा तलाव झाला. त्याची थोरवी अशी कीं, तेथील पाणी यंत्रावांचून, केवळ उतारानें शहराकडे येतें. २०१२-१३ च्या दुष्काळांत तलाव आटला, तेव्हां नागरिकांनीं पुढें होऊन त्यांतील गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनीं तो आपल्या शेतांत नेऊन घातला. त्याच सुमारास पैठणच्या नाथसागराचें पाणी अंबडमार्गें आणणारी जलवाहिनी पुरी झाली. १९७६ सालीं जायकवाडी धरणाचें लोकार्पण झालें होतें. गोदावरीचें तें पाणी अशा रीतीनें या शहरास लाभलें.

पाणी आलें, म्हणजे तें शुद्धहि आलें, असा समज सहज होतो. जलशुद्धीकरण केंद्रांत त्यासाठीं पुष्कळ खटपट केली जाते, हें खरें. प्रथम पाण्यांत तुरटी घालतात. तिच्या योगानें मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशीं बसतात. नंतर पाणी वाळूच्या थरांतून गाळतात व शेवटीं त्यांत क्लोरीन मिसळतात. येथपर्यंत पाणी निर्दोष असूं शकतें. परंतु केंद्रापासून घराच्या तोटीपर्यंतचा प्रवास अद्याप उरलेला असतो, आणि घात बहुधा त्या वाटेवरच होतो.

नळ सदैव भरलेला असला, तर त्यांतील पाण्याचा दाब बाहेरच्या बाजूस असतो. एखादा सांधा निखळला, तरी आंतील पाणी बाहेर येतें. बाहेरची घाण आंत जात नाहीं. पाणी बंद झालें कीं हा दाब ओसरतो. मग रिकाम्या होत जाणाऱ्या नळांत त्याच सांध्यावाटे भोंवतालची ओल शिरूं लागते, आणि शेजारून गटार जात असेल, तर ती ओल गटाराची असते. पुढच्या पाळीस तोटी सोडतांच प्रथम तेंच बाहेर पडतें. जेथें रोज पाणी येतें, तेथें ही भीति थोडी. पण जालन्यासारख्या शहरांत, जेथें कित्येक वस्त्यांना अनेक दिवसांच्या अंतरानें पाणी मिळत आलें आहे, तेथें ती फार. त्यांत कोणी अधीर होऊन नळासच विजेची मोटार जोडली, म्हणजे ती मोटार शेजाऱ्याचें पाणी ओढतेच, शिवाय फुटक्या सांध्यांतून गटाराचें पाणीहि ओढते.

या घाणीची खबर देणारा एक साधा पहारेकरी आहे. पाण्यांत क्लोरीन मिसळल्यावर त्याचा थोडा अंश शिल्लक राहिला पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणें तोटीच्या पाण्यांत हें प्रमाण लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम असावें. वाटेंत घाण मिसळली, तर तिच्याशीं झगडण्यांत हा अंश खर्चून जातो. पाण्यांत ओ. टी. द्रवाचे थेंब टाकले असतां तें पिवळें झालें, तर पहारेकरी जागा आहे असें समजावें. रंग न आला, तर तें पाणी संशयास्पद मानावें. ही चांचणी जलकुंभापाशीं करून भागत नाहीं. गल्लीच्या अगदीं टोंकाच्या घरीं ती केली पाहिजे.

तथापि क्लोरीनवर सर्व भार टाकणें हेंहि धोक्याचें. १९५५ सालीं दिल्लीस यमुनेच्या पाण्यांत नाल्याची घाण मिसळली. क्लोरीनची मात्रा वाढविल्यामुळें विषमज्वर व हगवण यांची सांथ आली नाहीं. पण काविळीचा विषाणु त्यांतूनहि निसटला आणि सुमारें २९,००० लोक काविळीनें आजारी पडले. आपल्या राज्यांतहि इचलकरंजीनें २०१२ सालीं दूषित पाण्यापासून पसरलेल्या काविळीचा भयंकर अनुभव घेतला. तात्पर्य, पाण्यांत औषध घालणें हा घाणीस वाट करून देण्याचा परवाना नव्हे.

कोरड्या दिवसांचा दुसरा त्रास घरांत असतो. पाणी केव्हां येईल याचा भरंवसा नसल्यामुळें गृहिणी हंडे, पिंपें, टांक्या भरून ठेवते. हा तिचा दोष नव्हे, ती नाइलाजाची शहाणीव आहे. परंतु डेंग्यूच्या डांसास अंड्यापासून पूर्ण डांस होण्यास उन्हाळी हवेंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पाण्याची पाळी आणि डांसाची पाळी जवळजवळ एकच होते. म्हणून आठवड्यांतून एक दिवस भांडीं रिकामीं करून, आंतून घांसून, वाळवावीं. नळास प्रथम येणारें गढूळ पाणी वेगळें काढून शौचास व धुणीभांड्यांस लावावें. पिण्याच्या पाण्यावर झांकण असावें, तें काढण्यास लांब दांड्याचें ओगराळें असावें, आणि तान्ह्या मुलासाठीं व पावसाळ्यांत सर्वांसाठींच पाणी उकळावें.

मात्र सरपणाचा किंवा गॅसचा हा खर्च ज्यांना झेपत नाहीं, त्यांचीच वस्ती बहुधा गल्लीच्या टोंकाला असते. त्यांना उकळण्याचा उपदेश करून कर्तव्य संपत नाहीं. २०२३ सालीं जालन्याची नगरपालिका महानगरपालिका झाली. नांव मोठें झालें, तसें काम मोठें व्हावें. शहरास किती पाणी आलें, एवढ्याच हिशेबावर न थांबतां नळ किती तास कोरडे राहिले आणि शेवटच्या तोटीस क्लोरीन किती आढळलें, हे दोन आंकडे प्रत्येक प्रभागांत फळ्यावर लागावेत. ते वाचतां येण्यास फारसें शिक्षण नको. आणि ते वाचून प्रश्न विचारणारे नागरिक जालन्यास तयार झाले, तर घाणेवाडीचा गाळ ज्यांनीं उपसला, त्या शहरास नळाचे फुटके सांधे दुरुस्त करून घेणें अवघड जाणार नाहीं.