कात्रजच्या पाण्यामागून चालत

आजचा भाग कानात हेडफोन घालून चालता चालता ऐका, कारण गोष्टही चालण्याचीच आहे.

पुण्यातली क्रांतीची ठिकाणं म्हटली की आपण थेट गणेशखिंड रोडला जातो. 22 जून 1897, चापेकर बंधू, रँड. बरोबरच आहे. पण मी कात्रजचा, म्हणून मी कात्रजच्या तलावापासून निघालो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात नेलं. वाटेत उच्छ्वास, शेवटी पेठांमधले हौद आणि शनिवारवाडा. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. तो नळ वरून दिसत नाही, म्हणून मी आपला सातारा रोड धरला. बालाजीनगर, पद्मावती, स्वारगेट. पाय बोलायला लागले!

तिथून गंज पेठेत, फुलेवाड्यात. शहरात पाणी आलं, पण ते सगळ्यांसाठी नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक हौदावर हात लावायची बंदी. 1868 साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. विचार करा, आपल्याच दारात, शेजारीपाजारी बघत असताना. पिस्तूल नाही, बॉम्ब नाही. मी तिथे बाटलीतलं पाणी प्यायलो आणि जरा ओशाळलोच. माझ्यासाठी पाणी म्हणजे वीस रुपये, बस्स.

शेवटचा टप्पा बुधवार पेठ, भिडेवाडा. 1848 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी इथे मुलींची शाळा काढली. अंगावर शेण-चिखल झेलत सावित्रीबाई शिकवायला जायच्या. हा वाडा दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. लहानपणापासून मी तिथे दर्शनाच्या रांगेत उभा राहिलोय, वाड्याकडे पाठ करून. माझी आई शाळा शिकली, मी शिकलो, ते इथून सुरू झालं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता बघायला गेलो, तर वाडा नव्हता. पडायला आलेला तो वाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी उतरवला. स्मारक होईल, होऊ दे. पण ती जुनी भिंत बघायची माझी संधी गेली ती गेलीच.

म्हणून एक काम सांगतो. या रविवारी फुलेवाड्यात जाऊन या. आणि घरातल्या आजीला सोबत न्या, जमलं तर. ती शाळेत किती शिकली, ते तिथेच विचारा.

भेटू पुढच्या भागात!