फुलीच्या टाक्याचा सुबकपणा

फुलीचा टाका म्हणजे एकाच चौकोनात परस्परांना छेदणारे दोन तिरपे टाके. याहून सोपा टाका भरतकामात क्वचितच सापडेल. तरीही एकाच नक्षीचे, त्याच रंगांत भरलेले दोन नमुने शेजारी ठेवले, तर एक घोटीव दिसतो आणि दुसरा विस्कटलेला. हा फरक बहुधा हाताच्या कसबावर ढकलला जातो. त्याचे मूळ मात्र दोऱ्यावर पडणाऱ्या उजेडात आहे. भरतकामाचा सुती दोरा मर्सराइझ केलेला असतो. ताणलेल्या स्थितीत कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झाल्याने त्याला चकाकी येते, आणि ती टाक्याच्या दिशेनुसार वेगळी दिसते. त्यामुळे एखाद्या फुलीचा वरचा टाका उलट दिशेला गेला, की रंग तोच असूनही तेथे डाग पडल्यासारखे दिसते. हस्तकलांच्या परिषदांत नक्षी आणि रंगसंगती यांची चर्चा भरपूर होते. दोरा कसा पडतो याची व्हायला हवी तेवढी होत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिले लक्ष तेथेच द्यायला हवे.

वरचे सगळे टाके एकाच दिशेला झुकलेले असावेत, हा यातला अढळ नियम. झुकाव डावीकडे की उजवीकडे, याला महत्त्व नाही. सलग भागात ओळभर अर्ध्या फुल्या घालत जावे आणि परतताना त्या पुऱ्या कराव्यात. दिशा आपोआप राखली जाते. विखुरलेल्या टाक्यांत प्रत्येक फुली तिथल्या तिथे पुरी करणे सोयीचे. काम हातात धरताना कापड आडवे फिरले की दिशा बदलते, आणि बहुतेक चुका येथेच होतात. त्यावर उपाय म्हणून समासात, कापडाच्या वरच्या कडेला, एक फुली नमुन्यादाखल घालून ठेवावी.

दुसरी गोष्ट पिळाची. बाजारातल्या लडीचा दोरा सहा पदरी असतो आणि इंचाला १४ चौकोन असलेल्या कापडावर साधारणपणे दोन पदर वापरतात. दोन पदर एकदम ओढून काढू नयेत. एकेक पदर वेगळा काढून मग दोन्ही जुळवले, की ते फुलून शेजारी-शेजारी बसतात आणि चौकोन भरून दिसतो. टाके घालताना बोटांत सुई नकळत फिरते, पदर एकमेकांभोवती वळतात, दोरा बारीक होतो आणि फुलीच्या कडेने कापड डोकावू लागते. अधूनमधून सुई खाली लोंबती सोडावी, पीळ उलगडतो. याहून नेमकी युक्ती म्हणजे सुई खाली नेताना ती दोन पदरांच्या मधून घालणे. पदर रुळांसारखे समांतर पडतात. ही मेहनत फक्त वरच्या टाक्यापुरती घेतली तरी पुरते, कारण नजरेला तोच दिसतो. दोरा सुमारे ४५ सेंटिमीटरहून लांब घेऊ नये. कापडातून वारंवार गेल्याने त्याची लव उठते आणि चकाकी जाते.

ताणही सारखा हवा. दोरा आवळला की कापडाची भोके रुंदावतात, सैल राहिला की फुली डुगडुगते. कापड रिंगमध्ये ताणून सुई एकदा खाली, एकदा वर अशी दोन हालचालींत न्यावी. शक्य तेथे रिकाम्या भोकातून वर यावे आणि भरलेल्या भोकात खाली जावे, म्हणजे आधीच्या टाक्याचे तंतू वर ओढले जात नाहीत. सुई बोथट टोकाची असावी; १४ च्या कापडाला २४ नंबरची चालते. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर तिचा वण राहतो.

उलटी बाजू दिसत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. गाठीमुळे चौकटीत लावलेल्या कामात उंचवटा येतो, आणि पांढऱ्या जागेमागून नेलेला गडद दोरा समोरून सावलीसारखा दिसतो. दोन पदरांसाठी एकच लांब पदर दुमडून सुरुवात करता येते: दोन्ही टोके सुईत ओवावीत आणि पहिल्या अर्ध्या फुलीनंतर मागच्या फासातून सुई काढावी. गाठ लागत नाही. शेवट मागच्या चार-पाच टाक्यांखालून दोरा सरकवून करावा. धारवाडकडील कसुतीत ही शिस्त पूर्वापार आहे. तिच्या गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी या चार टाक्यांपैकी मेंथी हा फुलीचाच टाका. तेथे नक्षी कापडावर न छापता धागे मोजून भरतात आणि गाठ मारत नाहीत. इरकली लुगड्यांमुळे हे काम महाराष्ट्रातही ओळखीचे आहे. रुखवतासाठी फुलीचे नमुने भरणाऱ्यांनी कसुतीचे काम उलटून पाहावे. मागची बाजू किती नेटकी राखता येते, ते तेथे कळते.

पुरे झालेले काम थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. लाल किंवा गडद दोऱ्याचा रंग सुटू लागला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहावे. तसेच वाळवू नये. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे. इस्त्री करताना जाड टॉवेलावर सुलटी बाजू खाली ठेवून मागून फिरवावी, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.