घरचें काम आणि कचेरीची अपेक्षा



“घरींच तर आहेस!” हें वाक्य आज नाशिकच्या कितीतरी घरांत ऐकूं येतें. खोलीचें दार लोटून संगणकापुढें बसलेल्या सुनेला सिलिंडर उतरवून घेण्यासाठीं, आल्यागेल्याच्या चहासाठीं हांक येते. त्याच वेळीं मुंबईच्या कचेरींतला तिचा वरिष्ठ मनांत म्हणतो, “घरींच तर आहे, रात्रीं दहाला एक तक्ता मागितला तर काय बिघडलें?” घराला वाटतें, ती कामावर नाहीं, कचेरीला वाटतें, ती अष्टौप्रहर कामावर आहे. या दोन समजुतींच्या कात्रींत सांपडलेल्या माणसांविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

२०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली आणि सुशिक्षितांची कचेरी घरांत शिरली. सांथ ओसरली, तरी कित्येक कंपन्यांत ही रीत मिश्र स्वरूपांत टिकून राहिली: आठवड्यांतून दोनतीन दिवस कचेरी, बाकीचे दिवस घर.

आपल्याला ही रीत नवी वाटते. नाशिक जिल्ह्याला ती मुळींच नवी नाहीं. नाशिकरोडला १९२५ पासून स्टॅम्प आणि १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. तें काम भिंतींच्या आंतच झालें पाहिजे, हें कोणालाही पटेल. परंतु तेथून थोड्याच अंतरावर, सिन्नरला, विड्यांचें काम पिढ्यान्‌पिढ्या घरोघर चालत आलें आहे. टेंभुर्णीचीं पानें आणि तंबाखू घरीं न्यावयाची, पानें भिजवून कापावयाचीं, विड्या वळावयाच्या आणि हजारावर मजुरी घ्यावयाची. अपेक्षा किती स्वच्छ दिसते! इतक्या मालांत इतक्या विड्या. तरीही या धंद्यांत सर्वत्र तंटे झालेच. दिलेलीं पानें फाटकीं निघालीं तर तूट कोणीं सोसावयाची? ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मिळावयाची कीं नाहीं? घरीं बसून वळणाऱ्या बाईचें म्हणणें ऐकून घेण्यास कोणी बांधलेला नव्हता.

१९६६ सालीं संसदेनें विडी कामगारांसाठीं कायदा केला. त्यानें घरीं विड्या वळणारीलाही कामगार मानलें, आणि कच्चा माल देणें, विड्या बाद करणें व बाद विड्यांची मजुरी यांवरील तंटे नेमलेल्या अधिकाऱ्यापुढें नेण्याची सोय केली. कारखानदारांनीं त्याला आव्हान दिलें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा उचलून धरला. पुढें त्याची जागा नव्या श्रमसंहितांनीं घेतली, तरी त्यांतला धडा जुना होत नाहीं. मजुरी ठरविली म्हणजे अपेक्षा ठरली असें होत नाहीं. साधन कोणाचें, कसूर कशाला म्हणावयाचें, ती कोणीं ठरवावयाची आणि मतभेद झाल्यास कोणाकडे जावयाचें, हें काम हातीं घेण्यापूर्वींच बोललें गेलें पाहिजे.

संगणकावरच्या कामाला हाच न्याय लागू आहे. कचेरींत निम्म्या अपेक्षा न बोलतां कळतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस केव्हां उठतो, साहेबांच्या कपाळाला आठी केव्हां पडते, हें पाहून नवखा शिकतो. घरीं हा डोळा मिटतो. त्याची जागा शब्दानें घेतली पाहिजे. कित्येक ठिकाणीं मात्र ती यंत्राला दिली जाते. कळा किती वेळां दाबल्या हें यंत्र मोजतें, पडद्याचें चित्र टिपतें. त्यानें हालचाल कळते, काम कळत नाहीं. येवल्याला घरच्या मागावर पैठणी विणणाऱ्याचे हात किती वेळां हलले, हें कोणी मोजीत नाहीं. रेशीम, जर, नक्षी आणि मुदत आधीं ठरते; शेवटीं पदर उलगडून, उलटूनही, पाहिला जातो.

तेव्हां वरिष्ठानें चार गोष्टी स्पष्ट सांगाव्या. पहिली, कोणतें काम, कोणत्या दर्जाचें, कोणत्या दिवशीं हवें. दुसरी, कोणत्या तासांत उत्तर मिळालेंच पाहिजे आणि कोणत्या तासांत विचारावयाचेंच नाहीं. कामाची वेळ संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्यें २०१७ पासून कायद्यांत आहे. पोर्तुगालनें २०२१ सालीं वेळेबाहेर नोकराशीं संपर्क न साधण्याचें बंधन मालकावरच घातलें. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत असें खासगी विधेयक मांडलें, पण त्याचा कायदा झाला नाहीं. चांगल्या कचेरीनें मात्र कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. तिसरी, कचेरीचे दिवस आणि त्यांचें कारण. सकाळीं पंचवटी एक्स्प्रेसनें निघून मुंबई गांठलेल्या माणसानें तेथें बसूनही दिवसभर पडद्यावरच्याच बैठका कराव्या, यांत कोणाचें हित आहे? नवख्याला शिकविणें, अडलेलें समोरासमोर सोडविणें, यांसाठीं ते दिवस राखावे. चौथी, वीज, इंटरनेट आणि धड खुर्ची यांचा खर्च कोणाचा.

काम करणाऱ्याकडेही एक देणें लागतें. काम मुदतींत होणार नसेल, तर तें मुदत उलटल्यावर नव्हे, आधीं सांगावें. दूर असलेल्या माणसाचें मौन हें नेहमीं आळसच समजलें जातें.

आणि शेवटचा शब्द घरासाठीं. कचेरीशीं झालेला हा करार घरांतही वाचून दाखवावा. दहा ते सहा हें दार बंद राहील, आणि सहानंतर तें खरोखर उघडेल, हीं दोन्हीं वचनें एकदमच द्यावीं. सासूबाईंना तें पटण्यास फार वेळ लागणार नाहीं. सिन्नरच्या आणि येवल्याच्या घरांत काम करणारा हात पाहून घरचीं माणसें हांक मारण्यापूर्वीं थांबतात, कारण तेथें काम डोळ्यांना दिसतें. आपल्या सुनेचें काम दिसत नाहीं, म्हणून तें सांगावें लागतें, एवढाच काय तो फरक.