पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच

हेडफोन लावलेत ना? आज माझी एक फजिती सांगते.

वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि एकेक सुटा भाग आणून पीसी जोडायला बसले. रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, लाइट लागले. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर! आई दारातूनच म्हणाली, "काय गं, जळलं का?" पोटात गोळाच आला.

जळलं काहीच नव्हतं. मदरबोर्डला 24 पिनांचा मोठा प्लग लावला होता, म्हणून पंखे फिरत होते. पण प्रोसेसरच्या जवळ, कोपऱ्यात आठ पिनांचं एक सॉकेट रिकामंच होतं. प्रोसेसरला करंट पुरवणारी लाइन तीच. ती नाही तर तो जागाच होत नाही.

म्हणून आठ पिनांची हाताला लागली ती केबल घेतली आणि अंगठ्याने दाबायला लागले. जाईना. आणखी जोर लावला. नशीब, तरी गेली नाही! कारण ती ग्राफिक्स कार्डची होती. प्रोसेसरच्या प्लगमध्ये चार तारा 12 व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या. ग्राफिक्सच्या प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन, ग्राउंडच्या पाच, आणि रांगाही उलट्या. म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. हे टाळायलाच पिनांचे आकार वेगळे ठेवलेत, आणि मी त्यांच्याशी कुस्ती खेळत होते. ओळखायची खूण सांगते: प्रोसेसरचा प्लग सहसा चार-चार असा सुटतो, ग्राफिक्सचा सहा-दोन असा. बऱ्याच केबलींवर नावही छापलेलं असतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

पण प्रोसेसरला वेगळी लाइन कशाला? आत तो साधारण एका व्होल्टवर चालतो. 100 वॉट लागत असतील तर एका व्होल्टला 100 अँपिअर करंट झाला. एवढा करंट लांबून आणायचा तर तारा केवढ्या जाड लागतील! म्हणून 12 व्होल्टने आठ-नऊ अँपिअर आणायचे आणि प्रोसेसरच्या शेजारीच व्होल्टेज उतरवायचं. पेंटियम 4 आला 2000 साली, आणि चार पिनांचा हा वेगळा प्लग तेव्हापासून रुळला.

आता गिगाहर्ट्झ. 3 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. मग ठोके वाढवत का नाही न्यायचे? कारण ठोके वाढवले की बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते. दोन्ही 20 टक्के वाढवा, खर्च जातो जवळपास 73 टक्क्यांनी वर. त्याची उष्णताच होते. इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणायचा बेत 2004 मध्ये सोडला. 2006 मध्ये त्यांच्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या कोअर 2 ड्युओने 3.8 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 ला बहुतेक कामांत मागे टाकलं. एका ठोक्यात किती काम उरकतं, फरक तिथे पडला. गेम खेळताना तुमचा फोन तापून अडखळतो ना? तोही ठोके कमी करून स्वतःला थंड करत असतो.

असो. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, योग्य केबल शोधली, लावली. टक्क! बारा वाजून गेले होते. स्क्रीन उजळली, आणि आई म्हणाली, "आता झोप."

भेटू पुढच्या भागात.