जमाखर्चात न दिसणारी बचत
(मालगुंड येथील वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने माझी नजर प्रथम ताळेबंदाकडे जाते. परंतु रुग्णालयातील एक मोठी बचत कोणत्याही रकान्यात उमटत नाही. ती म्हणजे न झालेला संसर्ग.

पक्षाघात वा मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रुग्णास लघवीची नळी, अर्थात कॅथेटर, घालावी लागते. मात्र नळी असताना लघवीत जिवाणू शिरण्याची शक्यता दररोज सुमारे ३ ते ७ टक्के असते. हे जिवाणू नळीवर चिकट थर धरून बसतात आणि त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही.

त्यातच काही जिवाणू औषधांना दाद देत नाहीत. ‘एनडीएम-१’ या जनुकाची नोंद प्रथम २००९ साली प्रसिद्ध झाली. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील जिवाणूंत ते आढळले होते. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी, कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पैकी २२ मध्ये हेच जनुक होते. अशा वेळी कोलिस्टिनसारखे, मूत्रपिंडास अपाय करू शकणारे औषध द्यावे लागते. मुंबई आपल्याला परकी नाही. येथील अनेक कुटुंबांतील रुग्ण तेथे उपचारास जातात आणि विश्रांतीसाठी गावी परततात.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. नळीला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता ठेवणे आणि ‘आज नळीची गरज आहे काय?’ हे रोज तपासणे, एवढे पुरेसे कठोरपणे पाळावे लागते. नातेवाइकांनीही हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. त्यात कोणाचाही अवमान नाही. मात्र नळी स्वतः काढू नये, तसेच प्रतिजैविकांचा आग्रह धरू नये.

देणगीदारांस एक विनंती. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. हात धुण्याच्या बेसिनवर, परिचारिकांच्या प्रशिक्षणावर वा गरीब रुग्णाच्या लघवीच्या कल्चर तपासणीवर ते कोरले जात नाही. तरीही आपल्या दानातील काही भाग या कामी द्यावा. न झालेल्या संसर्गाची पावती आम्ही देऊ शकणार नाही. रुग्ण मात्र वेळेवर घरी जाईल.