लघवी आवरणारे यंत्र



आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणूनच रेडिओ बरा. बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही, ऐकणाऱ्याचेही नाही. विषय आहे लघवी न आवरण्याचा. आमच्या अंजनगाव सुर्जीकडे एखादे आजोबा, एरवी कीर्तनात पुढे बसणारे, हळूहळू दाराजवळ बसू लागतात. मग येईनासेच होतात. लग्नाचे निघाले, एस. टी.चा प्रवास निघाला, की म्हणतात, "मी काहाले येऊ बाप्पा, तुम्हीच जा." घरच्यांना वाटते, म्हातारा तऱ्हेवाईक झाला. खरे कारण धोतराला ठाऊक असते.

मी वैद्य नव्हे, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. पण या दुखण्यावर एक यंत्र आहे, आणि त्याबद्दल दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. एक म्हणते, यंत्र बसले की माणूस नवा झाला. दुसरी म्हणते, पोटात रबर घालून कोणी जगते काय? दोन्ही खोट्या आहेत.

लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक स्नायू असतो. तो नळाच्या चावीसारखा मिटून राहतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ती ग्रंथी समूळ काढावी लागली, तर हा स्नायू कधी कधी दुबळा होतो. मग खोकला आला, ओझे उचलले, की लघवी गळते. बायाबापड्यांनाही लघवी गळण्याचा त्रास होतो, किंबहुना अधिकच. पण त्यांची कारणे व उपाय पुष्कळसे निराळे, त्यासाठी वेगळे भाषण हवे. पुरुषांमध्ये बहुतेकांचा त्रास शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभरात कमी होतो. अमेरिकेतील डॉ. केगल यांनी १९४८ साली सांगितलेले आवळण्या-सोडण्याचे व्यायाम त्याला मदत करतात. म्हणून डॉक्टर सहसा यंत्राची घाई करीत नाहीत. वर्ष लोटले, व्यायाम झाले, तरी दिवसभर कपडे भिजतात, अशांसाठी हे यंत्र.

ते पहिल्यांदा बसवले अमेरिकेत ह्यूस्टन येथे, जून १९७२ मध्ये. डॉ. ब्रँटली स्कॉट हे शल्यवैद्य, विल्यम ब्रॅडली हे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ आणि जेराल्ड टिम हे इंजिनिअर, अशा तिघांच्या डोक्यातून ते निघाले. १९८३ च्या सुमारास आलेला त्याचा एएमएस ८०० हा नमुना पुढे जगभर रूढ झाला. त्याचे भाग तीन. मूत्रनळीभोवती एक पट्टा, रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात त्याचाच इवलासा भाऊ. ओटीपोटात पाण्याचा लहान फुगा. आणि अंडकोशाच्या कातडीखाली बोटाने दाबायचा पंप. पट्ट्यात पाणी असते तोवर नळी मिटलेली. लघवीला जायचे झाले की पंप काही वेळा दाबायचा; पाणी फुग्यात जाते, नळी मोकळी होते. काही मिनिटांत पाणी आपोआप पट्ट्यात परतते.

सगळी गोम आहे ती दाबात. बहुधा वापरतात त्या फुग्याचा दाब ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे सुमारे दीड हात उंच पाण्याच्या खांबाएवढा. आमच्याकडच्या पानमळेवाल्यांना हे सांगायला नको. वेल आधाराला सैल बांधला तर घसरतो, करकचून बांधला तर काचतो. इथेही तसेच. दाब कमी पडला तर गळती, जास्त झाला तर नळीच्या मांसाला रक्त मिळत नाही.

आता फळ किती? पुरुषांवरच्या अनेक अभ्यासांचा एक आढावा २०१३ साली निघाला. त्यात शंभरांतल्या सुमारे ७९ जणांना दिवसाला फार तर एक पॅड पुरू लागला. अगदी कोरडे राहिले ते मात्र ४३-४४. आणि सुमारे २६ जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. जो माणूस लाखांचा खर्च करून एकदाचे सुटलो म्हणतो, त्याने हा शेवटचा आकडा आधी ऐकावा. पैसा जमवताना दुसऱ्या वेळेचाही विचार लागतो.

पुन्हा शस्त्रक्रिया कशासाठी? कधी यंत्रातले पाणी झिरपते, पंप निकामी होतो. कधी पट्ट्याखालचे मांस वर्षानुवर्षे दबून बारीक होते आणि गळती हळूहळू परत येते; मग लहान पट्टा घालतात, किंवा जागा बदलतात. हे त्रासाचे खरे, पण भयाचे नव्हे. भयाच्या गोष्टी दोन. यंत्राला जंतूंची लागण झाली, पंपाजवळ लाली, सूज, ठणका, ताप आला, तर बहुधा सारे यंत्र काढावे लागते व नवे काही महिन्यांनी बसते. दुसरी, पट्टा नळीला कुरतडून आत उतरतो. लघवीतून रक्त येते, जळजळ होते, एकाएकी गळू लागते. त्या भागाला पूर्वी विकिरणाचा उपचार झाला असेल तर हा धोका वाढतो.

आणि हे कुरतडणे पुष्कळदा घडते ते नकळत घातलेल्या रबरी नळीमुळे. समजा, यंत्र बसवलेला माणूस झटका येऊन पडला. जवळच्या दवाखान्यात नेला. नर्सबाईंनी नेहमीच्या रिवाजाने लघवीची नळी घातली. पट्टा आत आवळलेला, त्यातून नळी रेटली गेली, आणि चार दिवस तशीच राहिली. नर्सबाईंचा दोष काय? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुलालाही ठाऊक नव्हते, कारण बापाने लाजेपायी ते सांगितलेले नसते. ज्या लाजेने दुखणे लपवले तीच पुढे यंत्रही लपवते. नळी घालण्यापूर्वी पट्टा मोकळा करून पंपावरच्या लहान बटणाने तसाच अडकवून ठेवावा लागतो, आणि नळी बारीक व थोडाच वेळ ठेवावी लागते. जाणकाराला हे दोन मिनिटांचे काम.

गावोगावच्या गुरुजींना येथे एक काम आहे. आधार कार्डाच्या पिशवीत ठेवायची एक चिठ्ठी लिहून द्या, मराठीत आणि इंग्रजीत: "माझ्या मूत्रनळीभोवती यंत्र आहे. ते मोकळे केल्याशिवाय नळी घालू नये." खाली शस्त्रक्रियेचे साल, रुग्णालय आणि डॉक्टरांचा फोन. घरात निदान एकाला ती चिठ्ठी कुठे आहे हे माहीत असावे.

बसवल्यावर लगेच कोरडे वाटेल, असेही समजू नये. सुमारे सहा आठवडे यंत्र बंदच ठेवतात, जखम भरू देतात. तोवर गळती पूर्वीसारखीच. नंतर पंप दाबायला शिकवतात. बोटांत जोर आणि डोक्यात ध्यान, दोन्ही लागते. संधिवाताने बोटे वाकली असतील तर ते आधीच डॉक्टरांना दाखवावे. आणि पुढे म्हातारपणी हात चालेनासे झाले, तर डॉक्टर पट्टा कायमचा मोकळा करून ठेवू शकतात. मग पुन्हा पॅड. पण लघवी तुंबून जिवावर बेतत नाही.