दिवा लुकलुकतो, पण प्लग जोडला जात नाही

केबल न पोचलेल्या घरात आपण सिमकार्डवर चालणारा छोटा राऊटर आणतो. फोन लगेच जोडला जातो, पण स्मार्ट प्लगचा बारीक दिवा लुकलुकतच राहतो. प्लग बिघडलाय असं समजून तो परत करायची घाई करू नका.

बहुतेक वेळा अडचण लहरींची असते. असे बरेच राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. साध्या स्मार्ट प्लगला, बल्बला मात्र २.४ एवढंच कळतं. दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असलं की फोन जातो ५ वर आणि फोन-प्लगची चुकामूक होते. माझ्या आईकडे याच एका गोष्टीत अख्खी संध्याकाळ गेली! राऊटरच्या पाठीवरच्या लेबलवर सेटिंगचा पत्ता असतो. तिथे जाऊन ५ची पट्टी तेवढ्यापुरती बंद करा, किंवा दोघींना वेगळी नावं द्या. मग प्लगचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि नव्याने जोडा.

तरीही जमलं नाही, तर त्याच सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार बघा. नुसता डब्ल्यूपीए-३ असेल तर जुनी उपकरणं दारातच अडतात, डब्ल्यूपीए-२ निवडा. पासवर्ड मात्र काढून टाकू नका, कृपा करून.

आणि जोडणी होईपर्यंत फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. जोडताना काही प्लग स्वतःचं वायफाय सुरू करतात आणि त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून फोन मध्येच तिथून निसटतो.